पिवळे फॉगलाइट घेताय? आधी आहेत त्यांचं तोंड खाली करा

पावसाळा जवळ आला की ॲक्सेसरीच्या दुकानात पिवळ्या फॉगलाइटला गिऱ्हाईक वाढतं आणि काउंटरवर एकच वाक्य कानावर पडतं, ‘पिवळा प्रकाश धुकं फाडतो.’ फाडत नाही. धुक्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचे असतात आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. थेंब तरंगलांबीच्या इतका पट मोठा असला की निळा काय, पिवळा काय, सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच. आकाश निळं दिसण्यामागचा नियम हवेच्या रेणूंचा आहे. आंबोलीच्या किंवा माळशेजच्या माथ्यावर उतरलेल्या ढगाला तो लावून चालत नाही.

मग पिवळा रंग म्हणजे निव्वळ शो? तसंही नाही. त्याचा फायदा धुक्यात नाही, डोळ्यात आहे. प्रकाशातला निळा भाग डोळ्याला जास्त खुपतो, शिवाय डोळ्याचं भिंग निळा प्रकाश पडद्याच्या किंचित अलीकडेच एकवटतं. धुक्यावर आपटून परत येणारी चमक त्यामुळे अधिक त्रास देते, पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर फारच. पिवळ्या दिव्यात हा निळा भाग काढून टाकलेला असतो.

पण किती फरक जाणवेल, हे आधी गाडीत काय होतं यावर ठरतं. कंपनीचा हॅलोजन बल्ब ३२०० केल्विनच्या आसपासचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा वाढला की प्रकाश निळसर), म्हणजे मुळातच पिवळसर. त्याच्यात निळं थोडंच असतं, त्यामुळे पिवळा लेप दिलेला हॅलोजन लावून हाती फार काही लागत नाही, उलट दहा-पंधरा टक्के प्रकाश गाळणीत जातो. याउलट ६००० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचं मोठं टोक असतं. तो काढून पिवळा लावला की सुटका झाल्यासारखं वाटतं आणि श्रेय पिवळ्याला जातं. खरं तर चुकीचा पांढरा गेला, एवढंच झालेलं असतं.

फ्रान्समध्ये १९३६ मध्ये पिवळ्या हेडलाइटची सक्ती ठरली आणि ती १९९३ पर्यंत टिकली. आजूबाजूचे देश तेवढा सगळा काळ पांढऱ्यावरच गाडी हाकत होते.

खरं काम किरण कुठे पडतो त्याचं

धुक्यात अपर (हाय बीम) मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डोळे ज्या हवेतून बघतात त्याच हवेत प्रकाश पडतो आणि थेंब तो सरळ डोळ्यांकडे परत पाठवतात. फॉगलाइट बंपरमध्ये खाली असतो तो याचसाठी. त्याचा किरण डोळ्यांच्या रेषेपासून लांब, जमिनीलगत सरकतो. वरून तो चाकूने कापल्यासारखा सपाट हवा आणि दोन्ही बाजूंना रुंद पसरलेला हवा, म्हणजे डावीकडची कडेची पट्टी आणि उजवीकडचा कठडा दोन्ही दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत कारच्या फॉगलाइटची उंची जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटरमध्ये बांधून दिली आहे. टपावरचा एलईडी बार कितीही पिवळा असला तरी धुक्यात तो डोळ्यांच्या वरूनच प्रकाश ओततो. तो धुक्यात लावूच नये.

नवीन काही विकत घ्यायच्या आधी आपल्या दिव्याच्या किरणाचा आकार तपासा. रात्री सपाट जागी, भिंतीपासून दिव्याची काच बरोबर ५ मीटरवर येईल अशी गाडी उभी करा. एक फॉगलाइट जाड कापडाने थोडा वेळच झाका (हॅलोजनची काच तापते) आणि दुसऱ्याचा भिंतीवरचा उजेडाचा डाग नीट पाहा. वरची कड आडवी आणि स्पष्ट आहे का? कडेच्या वर उजेडाचे ठिपके किंवा दाढीसारखी पसरलेली चमक आहे का? असेल, तर रंग बदलून काही होणार नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवलेल्या एलईडीत हा दोष सर्रास दिसतो. रिफ्लेक्टर ज्या बिंदूभोवती घडवलेला आहे तिथे तारेऐवजी चिप आली आणि ती मिलिमीटरभर जरी पुढेमागे झाली तरी कड विस्कटते. एलईडी ठेवायचाच असेल तर त्याची कॉलर (बल्ब दिव्यात अडकवणारी कडी) सैल करून तो असा फिरवा की चिप डावी-उजवीकडे बघतील, वर-खाली नाही. एवढ्याने बऱ्याचदा कड सुधारते. नाही सुधारली तर तो बल्ब त्या दिव्यासाठी नाही.

तोंड खाली करण्याची पद्धत

टायरची हवा ठरलेल्या दाबावर, निम्मी टाकी पेट्रोल, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, डिकीतलं नेहमीचं सामान तसंच.

१. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा ४५ सेंटिमीटर आली.

२. भिंतीवर त्या उंचीला मास्किंग टेपची आडवी पट्टी लावा. तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी पट्टी लावा. ५ मीटरला १० सेंटिमीटर म्हणजे २ टक्के उतार.

३. ॲडजस्टमेंटचा स्क्रू बहुतेक गाड्यांत दिव्याच्या मागे किंवा बंपरच्या खालून लागतो. फिलिप्स स्क्रूड्रायव्हर किंवा ॲलन की पुरते. काही गाड्यांत पुढचं चाक पूर्ण वळवून आतल्या प्लॅस्टिक लायनरच्या क्लिपा काढाव्या लागतात. पावसाळ्यात त्या क्लिपा मातीने घट्ट बसलेल्या असतात; पाणी मारून धुवा आणि मगच उचका, नाहीतर तुटतात.

४. किरणाची वरची कड खालच्या पट्टीवर आणा. दोन्ही दिवे एका पातळीत हवेत. डावं-उजवं ॲडजस्टमेंट सहसा नसतंच.

५. आता मागच्या सीटवर तिघांना बसवून पुन्हा पाहा.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात आणि घोळ नेमका तिथेच होतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.५ मीटर धरा. मागचा भाग २.५ सेंटिमीटर दबला तरी गाडीचं नाक १ टक्का वर होतं, म्हणजे तुम्ही दिलेल्या उतारातला निम्मा गेला. कुटुंब आणि बॅगा घेऊन कोकणात उतरणाऱ्यांनी २ ऐवजी २.५ टक्के उतार ठेवावा, ५ मीटरला साडेबारा सेंटिमीटर.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट हाती लागते. ४५ सेंटिमीटर उंचीचा दिवा २ टक्के उतारावर असला की त्याचा वरचा किरण २२.५ मीटरवर जमिनीला टेकतो. फॉगलाइटची पोच तेवढीच. ओल्या रस्त्यावर दीड सेकंद प्रतिक्रियेचा आणि बेताचा ब्रेक धरला तर ताशी ३० किलोमीटरवर गाडी थांबायला साधारण २१ मीटर लागतात, ४० ला ३२ मीटर आणि ६० ला तब्बल ६०. म्हणजे ताम्हिणीत फक्त फॉगलाइटच्या भरवशावर ३० च्या वर जाणं हा जुगार आहे, दिवे कितीही महागडे असोत.

शेवटची तपासणी कायद्यातली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ म्हणतो की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेच्या अर्धा मीटर बाहेर आणि दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तुमचा प्रकाश दिपवता कामा नये. मित्राला बरोबर त्या जागी, डोळे दीड मीटरवर येतील इतकं वाकून उभं करा. त्याने मान फिरवली तर स्क्रूकडे परत जा.

बल्ब, फिल्म की पूर्ण दिवा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये बल्बचा प्रकार लिहिलेला असतो. एच-११ हा ५५ वॅटचा, एच-८ हा ३५ चा, एच-१६ हा १९ चा. ढोबळ मानाने प्रकाश १३५०, ८०० आणि ५०० लुमेन. एच-१६ वाल्यांना आपले दिवे कंदिलासारखे वाटतात ते उगाच नाही. पण त्या होल्डरमध्ये जुगाड करून ५५ चा बल्ब घुसवू नका. वायर, कपलर (वायर जोडायचा प्लग) आणि प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर त्या उष्णतेसाठी बनवलेले नसतात. १०० वॅटच्या बल्बचं तर नावच नको. एकेक बल्ब आठ अँपिअरच्या वर ओढतो, आधी कपलर वितळतो आणि मग रिफ्लेक्टरला फोड येतात.

कंपनीचा पांढरा एलईडी फॉगलाइट असेल आणि त्याची कड चांगली असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काचेवर पिवळी फिल्म. काच शाम्पूच्या पाण्याने धुऊन, ओली असतानाच फिल्म बसवा, मधून कडेकडे पाणी ढकलत जा, वळणांवर हीट गनची बेताची ऊब द्या आणि एक दिवस गाडी धुऊ नका. ५५ वॅट हॅलोजनच्या छोट्या काचेवर फिल्म टिकत नाही, उष्णतेने सुरकुतते. तिथे पिवळ्या लेपाचा बल्बच घ्यावा आणि बल्बच्या काचेला बोट न लावता बसवावा.

एकाच बल्बमध्ये पांढरा आणि पिवळा असे दोन रंग देणारे एलईडी सध्या हातोहात खपतात. दोन्ही रंगांच्या चिप एकाच ठिकाणी बसू शकत नाहीत, म्हणून एखादा रंग हमखास फोकसबाहेर जातो. शिवाय स्विच पटकन बंद-चालू झाला की रंग बदलतो, आणि वळणावर अचानक पांढरं होणं परवडणारं नसतं.

बाहेरून दिवे जोडताना

५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, इंजिन चालू असताना साधारण ८ अँपिअर. बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, मग ३० अँपिअरचा चार पिनी रिले (स्विचच्या छोट्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा): ३० क्रमांकाच्या पिनवर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून दिव्यांना, ८६ वर स्विचची वायर, ८५ अर्थ. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटर, प्रत्येक दिव्याला १.५. स्विचला पुरवठा पार्किंग लाइटच्या वायरवरून घ्या; पार्किंग लाइट बंद केले की हे दिवेही आपोआप विझतात आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळत नाही. अर्थिंगच्या नटाखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे.

काम झाल्यावर इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीवर लावा, मग दिव्याच्या कपलरवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर काम कच्चं आहे. हॅलोजनला १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर पाव भागाहून जास्त प्रकाश कमी होतो, आणि लोक बल्बला दोष देत बसतात.

घाटात

डिपर (लो बीम) आणि फॉगलाइट दोन्ही लावा. धुकं इतकं दाटलं की डिपरचाच पडदा व्हायला लागला, तर गाडी बाजूला घ्यायची वेळ आली आहे. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नका; वळायचं असेल तेव्हा मागच्याला ते कळतच नाही. मागचा लाल फॉगलाइट गाडीत असेल तर तो दाट धुक्यात जरूर लावा, पण मागची गाडी जवळ येऊन तिचे दिवे आरशात स्पष्ट दिसू लागले की बंद करा, नाहीतर तुमचा ब्रेकलाइट त्यात हरवतो. धुकं सरल्यावर पुढचेही बंद. ओल्या रस्त्यावर त्यांचा प्रकाश खालून उसळून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

रस्त्यावर साचलेल्या पाण्यात शिरण्याआधी हॅलोजन फॉगलाइट विझवायची सवय लावा; तापलेल्या काचेवर गार पाणी बसलं की तडा जातो. गाडी धुतल्यावर काचेत आतून येणारी वाफ दिवे पंधरा-वीस मिनिटं लावून गेली तर चिंता नको. तळाशी पाणी डुचमळताना दिसलं तर मागचं रबर झाकण किंवा हवेचं भोक पाहा, चिखलाने बुजलेलं असतं. एलईडी लावल्यावर ही तक्रार वाढते, कारण एलईडीची उष्णता मागच्या पंख्याकडे जाते आणि काच कोरडी व्हायला काही उरत नाही. तो पंखाही बंपरच्या चिखलात अडकतो आणि बल्ब काही मिनिटांत मंद होतो. एलईडी लावताच एफएमवर खरखर सुरू झाली, तर बल्बचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट) हलका आहे. वॉरंटीत परत करा.