बारा बोअरला रबरी पॅड कसं निवडावं: आधी लांबी, मग मऊपणा

सातारा जिल्ह्यात फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस दोनपैकी एक काम हमखास करतो. एक तर शेती, नाहीतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहणं. मी दोन्ही करतो. वीस वर्षं रायफल चालवलेला माणूस, पण बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीच्या पहिल्या सरावाला दहा काडतुसं उडवली आणि खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग घेऊन घरी आलो. बायको म्हणाली, "फौजेत काय झालं न्हाई, आन् बँकेत ह्ये?"

तिचं बरोबर होतं. गणित मांडलं की कळतं. फौजेतल्या एसएलआर रायफलची 7.62 मिलिमीटरची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आतली आणि रायफल चार किलोच्या वर. बारा बोअरच्या साध्या काडतुसात साधारण 32 ग्रॅम छरे, ते सेकंदाला 380-400 मीटर वेगानं निघतात आणि दुनळी बंदूक जेमतेम सव्वातीन किलोची. ती हलकी बंदूक सेकंदाला साडेचार-पाच मीटर वेगानं मागं येते. म्हणजे सायकल जोरात हाणत यावी आणि दांडा खांद्यात बसावा, तसं. खांद्यावर येणारी ऊर्जा एसएलआरच्या दुपटीच्या आसपास भरते. "आम्ही एसएलआर मारलीय" ही फुशारकी इथं कामाला येत नाही.

आमच्यातले बरेच जण विचारतात, एसएलआरच्या दस्त्यात स्प्रिंग असते, तसलं काही ह्यात बसवता येईल का? नाही येणार. एसएलआरमध्ये गॅसच्या जोरावर आतला लोखंडी भाग मागं सरकतो, दस्त्यातली स्प्रिंग त्याला अडवते आणि धक्का थोडा लांबतो. काही परदेशी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत स्प्रिंगच्या पुढं एक वजनी नळकांडं असतं, त्याला बफर म्हणतात. 85 ग्रॅमचं काढून 130-150 ग्रॅमचं घातलं की आतला भाग सावकाश मागं येतो, शेवटी कमी आदळतो. नळकांडं जास्तच जड झालं तर मात्र भाग पुरता मागं येत नाही आणि पुढची गोळी अडकते. पण तसल्या रायफली आपल्याकडं साध्या लायसन्सवर मिळत नाहीत. आपल्या लायसन्सवर असते डीबीबीएल म्हणजे दुनळी किंवा एसबीबीएल म्हणजे एकनळी, आणि तिच्यात गोळी सुटताना मागंपुढं सरकणारं काहीच नसतं. त्यामुळं बफर बसवायला एकच जागा उरते: दस्ता आणि खांदा यांच्या मधली.

ती जागा भरताना सगळे एकच चूक करतात, मीही केली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात मऊ पॅड घ्यायचं.

माझी उंची पाच फूट पाच इंच. बंदुकीची लांबी, म्हणजे पुढच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत, सव्वाचौदा इंच. मला ती मुळातच अर्धा इंच जास्त होती. त्यावर एक इंचाचा रबरी टोप चढवला, झाली सव्वापंधरा. आता बंदूक खांद्याच्या खोबणीत बसेचना, बाहेर दंडावर जाऊन टेकायची. पुढच्या सरावाला खांद्याऐवजी दंड काळानिळा झाला, आणि एवढं मऊ पॅड असून आधीपेक्षा जास्त दुखलं. पॅडचा दोष काही नव्हता. पॅड चुकीच्या जागी टेकत होतं.

म्हणून दुकानात जायच्या आधी मोजमाप करा.

पहिलं काम: बंदूक उघडा, दोन्ही नळ्यांत बोट घालून आणि डोळ्यानं बघून रिकामी असल्याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मोजमापासाठी बंदूक जोडलेली लागते, पण दस्त्यावर हत्यार चालवायचं असेल तेव्हा फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचं लाकूड, काढा, नळ्या उतरवा आणि त्या बाजूला ठेवा. नळ्या नसलेला दस्ता म्हणजे नुसतं लाकूड. मग स्क्रू काढताना कुणाच्या जिवाला घोर नाही.

आता लांबी. ड्यूटीवर जे कपडे घालता तेच घाला. थंडीत खाकीवर जर्सी घालत असाल तर जर्सीसकट. कोरी भिंत बघा, रिकामी बंदूक सहज खांद्याला लावा, गाल लाकडाला टेकवा. घरातल्या कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. दस्ता धरलेल्या हाताचा अंगठा आणि नाक यांत दोन बोटांचं अंतर पाहिजे. अंगठा नाकाला लागत असेल तर बंदूक तुम्हाला आखूड, आणि बार काढल्यावर ओठ फुटणार. अंतर चार बोटं असेल, किंवा बंदूक वर उचलताना दस्ता काखेत अडकत असेल, तर लांब. डोळे मिटून पाच-सहा वेळा लावून बघा. डोळे उघडे असले की माणूस मान वाकडी करून बंदुकीशी जुळवून घेतो आणि आपलीच फसवणूक करतो.

बंदूक आखूड निघाली तर तुमचं नशीब. खोक्याचा जाड पुठ्ठा दस्त्याच्या आकारात कापा, एकावर एक ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधा आणि अंतर दोन बोटांवर येईपर्यंत पुठ्ठे वाढवत जा. त्या थप्पीची जाडी म्हणजे तुमच्या पॅडची जाडी. अर्धा इंच आली तर अर्धा, पाऊण आली तर पाऊण. दुकानदार एक इंचाचं गळ्यात मारेल, ऐकू नका.

बंदूक बरोबर किंवा लांब निघाली तर लाकूड कापावं लागणार. माझ्या बाबतीत लांबी पावणेचौदा हवी होती आणि पॅड पाऊण इंचाचं, म्हणून लाकूड तेरा इंचांवर आलं. हे काम गावच्या सुताराला देऊ नका, तो कितीही कसबी असला तरी. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीच्या दुरुस्तीचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडंच न्या, तीही स्वतः, लायसन्स खिशात ठेवून. आणि नळी आखूड करायचा विचार कुणी डोक्यात घातला तर तिथंच थांबा. परवान्याशिवाय तसं करणं त्याच कायद्याच्या कलम 6 च्या विरुद्ध आहे. शिवाय नळी जितकी आखूड तितकी बंदूक हलकी आणि धक्का जास्त.

लांबी ठरली की मग मऊपणा. पॅड धक्का नाहीसा करत नाही. धक्का तेवढाच असतो, पॅड तो जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतं. कारखान्यातून येते ती कडक प्लास्टिकची पट्टी काहीच पसरवत नाही. दुकानात पॅड टेबलावर ठेवून अंगठ्यानं जोरात दाबा. अंगठा चार-पाच मिलिमीटर आत जायला हवा, पण तळाला टेकता कामा नये. तळ लागला तर बाराचं काडतूस त्याला एका झटक्यात चपटं करणार आणि उरलेला धक्का थेट हाडावर. अंगठा उचलल्यावर रबर सावकाश वर यावं. चेंडूसारखं टणकन उसळणारं पॅड घेतलेला धक्का लगेच परत करतं, नळी उडते आणि दुसरा बार चुकतो.

प्रकार तीन. भरीव रबराचं पॅड टिकतं खूप, पण कडक. मध्ये जाळी किंवा भोकं असलेलं त्यापेक्षा मऊ, फक्त भोकांत शेतातली माती जाऊन बसते. तिसरं खास धक्का शोषणाऱ्या मऊ पदार्थाचं, लिंबसेव्हर वगैरे परदेशी कंपन्या बनवतात ते. धक्का खाण्यात सगळ्यात सरस, पण पृष्ठभाग चिकट. बंदूक वर उचलताना खाकी शर्टात अडकतं. त्याला साधा उपाय: पॅडच्या वरच्या टाचेवर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावा, सर्रकन सरकतं.

लाकूड कापायचं नसेल आणि थोडी लांबी चालत असेल तर चढवायचा टोप बरा. विकतचा रबरी टोप सैल असतो, दोन बारांत फिरतो. लाकूड कापायच्या आधी मी साताऱ्यात पोवई नाक्याकडच्या एका मोच्याकडून चामड्याचा करून घेतला, मागून नाडी बांधायचा. बंदूक त्याच्याकडं न्यायची नव्हती, म्हणून पुठ्ठ्यावर दस्त्याचा आकार काढून आणि घेर सुतळीनं मोजून नेला. त्यानं पुठ्ठा उलटसुलट केला आणि विचारलं, "मेजर, ही चप्पल कंच्या पायाची?" आत काय घालू म्हणाला तेव्हा त्याच्याकडच्या दोन शीट अंगठ्यानं दाबून बघितल्या. पांढरा ईव्हीए फोम आधी छान वाटतो, पण तो दबून बसतो आणि उठत नाही. शुगरच्या पेशंटच्या चपलेत घालतात ती एमसीआरची शीट घेतली, दहा मिलिमीटरची. अजून शाबूत आहे.

स्क्रूनं बसवायचं पॅड स्वतः बसवणार असाल तर एवढंच बघा. जुन्या पट्टीची भोकं आणि नव्या पॅडची भोकं जुळतात का ते आधी मोजा, नाहीतर जुनी भोकं काडी आणि गोंद घालून बुजवावी लागतात. पॅडच्या खांद्याकडच्या बाजूला स्क्रूसाठी बारीक चिरा असतात. स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला साबण चोळून आत घाला, नाहीतर रबर फाटतं आणि ती फट कायम दिसते. कापलेल्या लाकडाचं उघडं तोंड जवसाच्या तेलानं भरून घ्या. पाटण-जावळीच्या पावसात कोरं लाकूड पाणी पितं आणि फुगतं.

पॅडइतकीच फरक पाडणारी गोष्ट काडतूस. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर 65 किंवा 70 कोरलेलं असतं, ते वाचा. ती काडतुसाच्या घराची मिलिमीटरमधली लांबी. काडतुसावर लिहिलेली लांबी मात्र ते उडून तोंड उघडल्यानंतरची असते, म्हणून 70 चं काडतूस 65 च्या घरात आरामात बसतं, आणि तिथंच घात होतो. तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो, धक्का वाढतो आणि जुनी बंदूक धोक्यात येते. जुन्या वारशाच्या बंदुका असलेल्यांनी हे आजच बघावं. सरावाला कमी छऱ्यांचं काडतूस मिळालं तर तेच घ्या. 32 ऐवजी 28 ग्रॅम केले की जो फरक पडतो तो दस्त्यात पाव किलो शिसं भरूनही पडत नाही, आणि शिशानं बंदुकीचा तोल मागं जातो तो वेगळाच.

शेवटची तपासणी रेंजवर. दोन बार काढा, शर्टाचं बटण उघडून खांदा बघा. लाली गळ्याच्या हाडाखालच्या खोबणीत असेल तर सगळं जुळलं. हाडावर असेल तर बंदूक आत लावताय, दंडावर असेल तर अजून लांब आहे. पॅडच्या फक्त खालच्या टोकाचा छातीवर ठसा आला असेल तर दस्त्याचा कोन चुकलाय. पॅडखाली वरच्या बाजूला पातळ पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवली की जमतं.

नंतरची देखभाल म्हणजे तेल रबराला लागू न देणं. नळीत तेल घालून बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की तेल लाकडातून झिरपत पॅडपर्यंत येतं आणि रबर फुगून चिकट होतं. बँकेत उभी ठेवायचीच तर आधी नळीतलं जादा तेल पुसून घ्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत ज्यांची बंदूक ठाण्यात जमा होते, त्यांनी परत घेताना पावतीवरचा नंबर जुळवताना पॅडही अंगठ्यानं दाबून बघावं. महिना-दीड महिना दस्त्यावर उभ्या राहिलेल्या बंदुकीचं पॅड कधीकधी एका बाजूनं चपटं होऊन येतं.