खोलीवरच्या दिवाळीची तयारी

गोव्यातल्या दिवाळीचा जीव नरक चतुर्दशीच्या पहाटेत आहे. त्या पहाटेला लागतात पोहे, गूळ, नारळ, तेल आणि मूठभर कारिटं, म्हणजे तुळशीपुढे पायाखाली फोडायची कडू फळं. हातखर्चाच्या पैशात न बसणारं त्यात काहीच नाही. म्हणून विद्यार्थ्यांनाही इथे दिवाळी नीट, पोटभर आणि चार पाहुणे बोलावून करता येते. यादी मात्र आधी करायला हवी आणि तिच्या पहिल्या ओळीत फोव, म्हणजे पोह्यांचे प्रकार, असायला हवेत, कपडे नव्हेत. ताळगावला विद्यापीठाच्या आसपास, फर्मागुडीला किंवा म्हापशात खोली घेऊन राहणाऱ्या, परीक्षा तोंडावर असल्यामुळे पहिल्या दिवशी घरी पोचू न शकणाऱ्या, सावंतवाडी-कुडाळकडून इकडे शिकायला आलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

दसरा झाला की पैशांचं बोलून घ्या. खोलीत पाच जणी असाल तर डोई पाचशे रुपये काढा. अडीच हजारांत फराळ, पणत्या, कंदील, उटणं, रांगोळी सगळं बसतं. पैसे एकाच मुलीकडे ठेवायचे, खर्च कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहायचा, आणि प्रत्येकीने रोज तो वाचायचा. घरी जायचं बसभाडं आणि भाऊबीजेचे पैसे या हिशोबात मिसळू नका. ते दसऱ्यालाच वेगळे काढून ठेवा, नाहीतर ऐनवेळी तेच आधी संपतात. ऑनलाइन सेलच्या दिवसांत ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ अशी सोय हात जोडून पुढे येते. ती उधारीच असते. हप्ता चुकला की दंड लागतो, नोंद राहते आणि पुढे शैक्षणिक कर्जाला गेलात की ती नोंद तिथे दिसते. दिवाळीच्या कुठल्याही वस्तूसाठी हे करू नका. सणाची खरेदी हातातल्या पैशांतच व्हायला हवी, याबद्दल मी ठाम आहे.

कपड्यांचं लगेच सांगून टाकते. नवीन घेणं जमत असेल तर एकच घ्या, रोज वापरता येईल असं. जमत नसेल तर मैत्रिणींशी अदलाबदल करा, आईची एखादी जुनी साडी घरून मागवा, इस्त्री चांगली करा. फोव खायला आलेलं कुणी कापडाची किंमत विचारत नाही.

त्यानंतर घरमालकिणीशी बोला, आणि हे दिवाळीच्या आठवडाभर आधी करा. पहाटे चारला पाणी तापवायचं आहे, गॅस किंवा शेगडी वापरायची आहे, तुळशीपुढे कारीट फोडायचं आहे, हे सगळं त्यांना आधी माहीत असलं पाहिजे. ‘काकी, आम्ही यंदा खोलीवरच फोव करणार, तुमच्या तुळशीकडे आलो तर चालेल का?’ एवढं विचारलं की बहुतेक घरांतून होकार मिळतो, आणि वर पाटा किंवा मोठं पातेलंही मिळतं. खानावळ त्या दिवसांत बंद राहील की चालू, तेही आत्ताच विचारून घ्या. बंद असेल तर दोन दिवसांच्या तांदूळ-डाळीची सोय यादीत लिहा.

बाजारासाठी दिवाळीच्या आधीचा शुक्रवार धरा आणि म्हापसा गाठा. कापडी पिशव्या, एक झाकणाचा डबा आणि सुटे पैसे बरोबर घ्या. गावठी वस्तू घेऊन बसणाऱ्या बायकांकडे सकाळीच जावं लागतं. चांगले पोहे आणि नारळ दुपारपर्यंत राहत नाहीत. फुलं मात्र संध्याकाळी, बाजार उठायच्या सुमाराला घ्यावीत, तेव्हा ती स्वस्तात सुटतात. भाव जरूर विचारा, पण डोक्यावर टोपली घेऊन गावातून आलेल्या मावशीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. पैसे वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत. कांदे, बटाटे, मिरच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घ्या. तिथे सवलतीच्या दरात मिळतात आणि हे गाडे गावोगाव आहेत. नारळ अलीकडे महागलेत, म्हणून एकेक हलवून पाणी ऐका, डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नाही ना ते बघा. चार नारळ पुरतात.

आता फोव. पाच जणी आणि सहा-सात पाहुणे असा अंदाज धरला तर पाच प्रकारांना मिळून सव्वा ते दीड किलो पोहे लागतात, गूळ पाऊण किलो, दूध एक लिटर, ताक अर्धा लिटर, वेलची थोडी. प्रकार वाटून घ्या, एकीकडे एक. दुदांतले फोव सगळ्यांत सोपे, फक्त गूळ तापत्या दुधात घालू नका, दूध फाटतं. गूळ वाटीभर पाण्यात विरघळवून, गाळून, गार करायचा आणि गार दुधात मिसळायचा. कालयिल्ले फोव म्हणजे किसलेला गूळ, ओलं खोबरं आणि वेलची हाताने चुरून पोह्यांत कालवायचे. ज्या मुलीला स्वयंपाकाची भीती वाटते तिला हेच द्या. ताकांतल्या फोवांना आलं, हिरवी मिरची आणि मोहरी-हिंगाची फोडणी लागते, ते खायच्या अगदी आधी करायचे, नाहीतर पोहे ताक पिऊन टाकतात. बटाट्याचे तिखट फोव सगळ्यांना येतातच.

रोसांतल्या फोवांवर मात्र जीव लावा. नारळ खवून कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढायचा, धुतलेल्या सुती कापडात घालून पिळायचा. पहिला रस दाट, सायीसारखा पांढरा येतो; तो बाजूला ठेवा. चोथ्यात पुन्हा थोडं पाणी घालून दुसरा रस काढा. दुसऱ्या रसात गूळ विरघळवायचा, मग पहिला रस घालायचा, वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यानेच गोडी उठते. याला गावठी लाल पोहे घ्या. ते जाड असतात, म्हणून धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवायचे आणि वाढायच्या थोडं आधी रसात सोडायचे. पातळ पोह्यांचा लगदा होतो. राहिलेला चोथा टाकू नका, वाटाण्याच्या उसळीत घाला. त्यासाठी पांढरे वाटाणे आदल्या दुपारीच भिजत घालायचे, हेही यादीत हवं. बाजारात आंबाडे दिसले तर थोडे घ्या; गोडावर त्यांची आंबट चव फार छान लागते.

आमंत्रणं चार दिवस आधी द्या. इथे त्या सकाळी एकमेकांकडे फोव खायला जायची पद्धत आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी याहून चांगली पद्धत नाही. एका खोलीने सकाळी सातला बोलवावं, दुसरीने नऊला. वसतिगृहात एकटं राहिलेलं कुणी असेल, परराज्यातून आलेलं किंवा दिवाळी न करणाऱ्या घरातलं, तर त्यांना आवर्जून बोलवा. दोन वाट्या जास्त करून खर्च किती वाढणार?

पहाटेच्या तयारीची जुळवाजुळव रात्रीच एका ताटात करून ठेवा: खोबरेल तेल, उटण्याची छोटी पुडी, कुंकू, अक्षता, निरांजन, वाती, काडेपेटी. कारिटं बाजारात लहान ढिगांनी मिळतात, माणशी एक धरा. सुपारीपेक्षा थोडं मोठं, हिरवं, अंगावर पट्टे असलेलं हे फळ तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणायचं आणि त्याची कडू बी जिभेला लावायची. काही घरांत सातविणीच्या सालीचा कडू रस देतात. तो जाणत्या माणसाने दिला तरच घ्या; कुठल्याही झाडाची साल स्वतः काढून आणू नका.

आकाशकंदील विकत आणण्यापेक्षा करा. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, दोरा आणि मैद्याची खळ, एवढ्यात होतो. कामट्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की वाकताना मोडत नाहीत. पणत्या मातीच्याच, साध्या, दोन डझन घ्या. आणल्यावर त्याही तासभर पाण्यात बुडवून ठेवा, तेल कमी पितात. विजेच्या माळेवर पैसे घालायची गरज नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी वर्गणी मागायला वाड्यावरची मुलं येतील. एक रक्कम ठरवा, तेवढीच द्या, आणि शक्य असेल तर एक-दोन संध्याकाळी कामाला जा. गवत भरायला, जुनी वर्तमानपत्रं खळीत बुडवून मुखवट्यावर थर चढवायला हात कमीच पडतात. तयार मुखवट्यावर आणि भाड्याच्या भोंग्यांवरच सगळे पैसे जातात, म्हणून मुखवटा घरी करा असं सांगून बघा. जाळून झाल्यावर रस्त्यावर उरलेल्या तारा आणि खिळे सकाळी उचलण्यासाठी दोघंतिघं आधीच नेमा, दुचाक्यांचे टायर फाटतात. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर मिरवणूक बघायला जाऊ नका, झोपा आणि चारला उठा.

लक्ष्मीपूजनाला वेगळा खर्च नको. पुस्तकं आणि वह्या पाटावर मांडा, पाच पणत्या लावा. ओळखीच्या दुकानदाराने पूजेला बोलावलं तर प्रसादाला जरूर जा.

ज्यांचे पेपर दिवाळीतच अडकलेत त्यांनी मन खट्टू करू नये. कार्तिक द्वादशीला तुळशीचं लग्न असतं आणि गोव्यात त्यालाच व्हडली दिवाळी म्हणतात. ऊस, दिंडा नावाच्या झुडपाची काठी, आवळे, चिंचा, पोहे, एवढंच सामान लागतं. काकींच्या अंगणात लग्न असेल तर ऊस तुम्ही आणा. म्हणून अडीच हजारांतले तीनशे यासाठी बाजूला ठेवा. पुढे त्रिपुरारी पौर्णिमेला सांखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. बघायला पैसे लागत नाहीत, फक्त रात्रीचा कार्यक्रम असल्यामुळे परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते कदंब या सरकारी बससेवेच्या स्थानकावर आधी विचारून ठेवा, किंवा सांखळीच्या एखाद्या वर्गमैत्रिणीकडे राहायचं ठरवून जा.