बाबांच्या आठवणीत माथेरानला जाताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांचं माथेरानशी जुनं नातं आहे. मे महिन्यात बायकापोरांना घेऊन चार दिवस कुठे जायचं, तर कर्जत लोकल पकडायची आणि नेरळला उतरायचं. वाशी-नेरूळची मंडळीही ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन हीच लोकल पकडतात. तसं बघितलं तर माथेरान ठाण्याचंच म्हणायला हवं. 1850 साली या डोंगराकडे साहेबांचं लक्ष वेधणारे ह्यू मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर होते. डोंगरातल्या आदिवासींना तो आधीपासून माहीत होता, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे आई किंवा वडील गेले की वर्षभरात घरात कुणीतरी म्हणतंच, "एकदा सगळे मिळून माथेरानला जाऊन येऊ. बाबांना किती आवडायचं!" इथपर्यंत सगळं ठीक असतं. गडबड पुढे होते, आणि ती बहुतेक घरांत ठरावीक जागीच होते.

तिथीवर अडून बसणं

वर्षश्राद्धाच्या दिवशीच माथेरानला असायचं, असं एखादा भाऊ ठरवतो. पण तिथी काही शाळेची सुट्टी बघून येत नाही. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे तारखेच्या हिशेबात तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. त्यात तिथी पावसाळ्यात आली किंवा पितृपक्षात जायचं ठरलं, तर नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वेगाडी बंद असते. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती चालत नाही. वरच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल तेवढी सुरू ठेवतात. वर पोहोचलात तरी पॅनोरमा पॉइंटवर पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसेल याची खात्री नाही.

सरळ दोन्ही गोष्टी वेगळ्या करा. श्राद्ध तिथीला, ठाण्यात, घरी किंवा तुमच्या गुरुजींकडे. माथेरान नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सगळ्यांना जमेल अशा दिवशी आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून. बाबांना स्वतःला धुकं आवडत असेल, तर मात्र खुशाल पावसात जा आणि दस्तुरीपर्यंत, म्हणजे मोटारी जिथे थांबतात त्या नाक्यापर्यंत, टॅक्सीने चढा.

सगळं 'तसंच' करायला जाणं

ही सगळ्यात मोठी चूक. तेच हॉटेल, तीच खोली, तीच गाडी, तेच जेवण. मग तिथे गेल्यावर कळतं की हॉटेलचा मालक बदललाय, व्हरांडा काचेने बंद केलाय आणि बाबा ज्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे तिथे आता स्वागतकक्षाचा फ्रीज उभा आहे. धाकटी बहीण तिथेच रडते, दोघं भाऊ मॅनेजरशी वाद घालतात आणि पहिली संध्याकाळ वाया जाते. निघण्याआधी फोन करून 'जुना व्हरांडा आहे का' एवढं विचारलं असतं तर हे टळलं असतं. जागा बदलली असेल तर मुद्दाम दुसरीकडे राहा आणि जुनी वास्तू बाहेरून बघून या.

गाडीचंही तेच. आदमजी पीरभॉय यांनी उभा केलेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग 1907 पासूनचा. 2005 च्या पुरात तो वाहून गेला आणि 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसात परत खराब झाला, तेव्हा नेरळहून थेट गाडी सुटायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे 'आपण लहानपणी जायचो तसं' हे गृहीत धरून चालत नाही, निघण्याआधी वेळापत्रक बघावंच लागतं. डबे मोजके, खिडकीवरची रांग लांब. बारा जणांच्या कुटुंबाला एकाच गाडीत जागा मिळेल या भरवशावर राहू नका. नाहीच मिळाली तर शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्याला जा, तिथून अमन लॉज स्टेशन जवळच आहे. उरलेला टप्पा शटलने करा. पोरांना गाडी मिळाली, बाबांचा हट्टही राहिला.

मग 'तसंच' काहीच करायचं नाही का? करायचं, पण एकच. आमच्या ओळखीतल्या एका घरात वडील दर सुट्टीत बाजारातल्या पोस्टात जाऊन स्वतःच्याच ठाण्याच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचे. मुलांनी एकेक ओळ लिहायची. घरी परतल्यावर चार दिवसांनी ते कार्ड दारात यायचं आणि सुट्टी एका संध्याकाळपुरती परत सुरू व्हायची. वडील गेल्यानंतर ही मंडळी माथेरानला गेली तेव्हा ना जुन्या हॉटेलात राहिली, ना घोड्यावर बसली. फक्त पोस्टात गेली. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशालाच मिळतं. नातवाने त्यावर 'आजोबा, इथे नेटवर्क येत नाही' असं लिहिलं. तुमच्या घरातही असं काहीतरी असेलच. वॉटर पाइप स्टेशनवर सोललेली संत्री असतील, नाहीतर सकाळी सहाला सगळ्यांना उठवून शार्लोट तलावापर्यंत नेणं. त्यातलं एक निवडा, बाकीचं सोडून द्या.

आईला सगळ्यांसमोर विचारणं

"आई, तू येणार ना?" हे सहा जणांसमोर विचारलं की ती एक तर "हो" म्हणते किंवा "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी" म्हणते. दोन्ही उत्तरांवर विश्वास ठेवू नका. "तुम्ही जाऊन या"चा अर्थ कधी गुडघे दुखतात असा असतो, कधी 'माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको' असा, आणि कधी खरंच 'मला तिथे त्यांच्याशिवाय जायचं नाही' असा. तिसरा असेल तर आग्रह करू नये. पहिले दोन असतील तर सोय करता येते. एकट्याने, चहा पिताना, घाई न करता विचारा. हे काम बहुधा लेकीकडे येतं. सुनेलाही जमतं. मुलगे सहसा परस्पर तिकीट काढून मोकळे होतात.

सोय म्हणजे काय, तेही बघून ठेवा. दस्तुरीच्या पुढे मोटारगाड्यांना बंदी आहे आणि तिथून बाजारापर्यंतची चाल ज्येष्ठांना झेपेल अशी नाही. शटल, घोडा किंवा ई-रिक्षा एवढेच मार्ग. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. तेव्हा 'आईला हातरिक्षात बसवू' हा बेत आता डोक्यातून काढा. ई-रिक्षा मिळतात का, कुठपर्यंत जातात, हे हॉटेलवाल्याला विचारा. बाजाराजवळच्या हॉटेलात तळमजल्याची खोली घ्या, दरीच्या देखाव्याचा हट्ट धरू नका.

अस्थी, दहीभात आणि रोप

शार्लोट तलावात अस्थी किंवा रक्षा सोडू नका. माथेरान त्याचं पाणी पितं. कड्यावरून रक्षा उधळण्याचा बेतही करू नका. दरीतून वारा वर येतो आणि ती तुमच्याच अंगावर परत येते. शिवाय कठड्यापलीकडे वाकण्याची ती जागा नव्हे. विसर्जन तुमच्या रीतीप्रमाणे आधीच उरकलेलं बरं.

पॉइंटवर पानावर दहीभात ठेवून कावळ्याची वाट बघणारे लोक असतात. कावळा येण्याआधी माकड येतं. दहीभात तर नेतंच, वर काकूंच्या हातातली पिशवीही ओढतं, आणि मग सगळे "बाबा, तुमची इच्छा काय आहे ते सांगा" सोडून "चष्मा सांभाळा, चष्मा!" ओरडत सुटतात. माकडांना एरवीही खायला घालू नये. पान घरी, गच्चीवर ठेवा.

रोप लावायचं म्हणून कुंडी घेऊन डोंगर चढू नका. 2003 पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे आपल्या मनाने खड्डा खणायचा नसतो. ठाण्याजवळचं येऊरही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच येतं, तेव्हा तोही पर्याय नाही. सोसायटीच्या आवारात कमिटीला विचारून जांभूळ लावा आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार ते नावानिशी ठरवा. बाकड्यावर किंवा झाडाच्या बुंध्यावर नाव कोरणाऱ्यांबद्दल काय बोलायचं?

जुना फोटो पुन्हा काढणं

स्टेशनच्या पिवळ्या पाटीसमोर सगळे त्याच जागी उभे राहतात आणि बाबांची जागा रिकामी ठेवतात. काही घरांना हे आवडतं. मला नाही आवडत, पण तो माझा प्रश्न. फक्त आईला त्या रिकाम्या जागेशेजारी उभं करण्याआधी तिला सांगा. आणि हो, पांढरे बूट नकोत. तिथली लाल माती धुतल्याने जात नाही.

खर्च आणि 'दरवर्षी'

पैशांचा विषय टाळला की तो परतीच्या लोकलमध्ये, कल्याणच्या आसपास निघतो. कोण किती देणार, हे निघण्याआधी ग्रुपवर लिहून टाका. ज्याला परवडत नाही त्याला थोरल्याने बाजूला घेऊन सांगावं, चारचौघांत नाही. जो भाऊ मुळीच यायला तयार नाही त्याला "तुला बाबांचं काही वाटतच नाही" असं म्हणू नका. तो त्या आठवड्यात एकटाच बाबांच्या बँकेच्या फायली लावत बसलेला असू शकतो.

आणि वर असताना, सगळे भरल्या गळ्याने बसलेले असताना, "आता दरवर्षी यायचं" अशी घोषणा करू नका. ती पुढच्या वर्षी एकाला जमत नाही आणि दुसऱ्याला ते लागतं. घरी या, चिक्कीचे डबे वाटा, महिनाभर जाऊ द्या. मग कुणी विषय काढला तर बघता येईल. नाही काढला तरी काही बिघडत नाही.