पाटीसाठी आणि लोगोसाठी शोभेचा फॉन्ट कसा निवडावा

शोभेचा फॉन्ट निवडताना बहुतेकजण फॉन्टची यादी उघडतात आणि नमुन्याचे देखणे ‘अ आ इ ई’ पाहूनच भुलतात. खरे तर आधी आपले नाव कागदावर लिहून त्यातील अवघड जागा हेराव्यात. समजा, गुळाच्या पाकिटासाठी ‘कोल्हापुरी गुऱ्हाळ’ हे नाव ठरले आहे. त्यात ‘ल्ह’ आणि ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे आहेत, ‘पु’ आणि ‘गु’ यांचे उकार खाली लोंबतात, तर ‘को’ची मात्रा आणि ‘री’ची वेलांटी शिरोरेखेच्या वर चढते. ‘ऱ्ह’ नीट टंकला आहे ना, हे प्रथम पाहावे. साधा ‘र’ टंकल्यास त्याचा रफार होऊन ‘गुर्हाळ’ उमटते. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदी असते आणि मराठी डोळ्याला ते लगेच खटकते. हे नाव सात-आठ फॉन्टांत एकाखाली एक लावावे. निम्मे तिथेच गळतात.

उरलेल्यांत स्वभाव पाहावा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ इतका जाड आहे की अक्षरांतील पोकळ्या केसाएवढ्या रेषा होतात. फलकावर तो झकास दिसतो, पण व्हिजिटिंग कार्डावर ‘ल्ह’चा काळा गोळा होतो. ‘यात्रा वन’ रेल्वे स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला असल्याने त्यात ब्रशचा फटकारा दिसतो. ‘रोझा वन’मध्ये जाड-बारीक रेषांचा फरक मोठा असल्याने कोल्हापूरच्या गुजरीतील दागिन्यांच्या पेढीला तो शोभेल, गुऱ्हाळाला मात्र नाही. हे तिन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. त्यांतून लोगो करता येतो, पण फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही.

पाटीवर जागा उरली म्हणून अक्षरे आडवी ताणू नयेत, कारण उभे दंड जाड होतात, शिरोरेखा तेवढीच राहते आणि फॉन्टचा तोल जातो. दोन अक्षरांमधील अंतर वाढवणे त्याहून वाईट, कारण त्यात शिरोरेखाच तुटते. जुने पेंटर दोरीला खडू फासून आधी सूत मारत आणि अक्षरे फळीच्या मापाने बेतत. नाव मोठे असेल तर मुळातच चिंचोळा फॉन्ट घ्यावा. शेजारी इंग्रजी नाव द्यायचे असेल, तर राज्यातील दुकानांसाठी 2022 पासून असलेला नियम लक्षात घ्यावा: मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत.

निवड पक्की करण्यापूर्वी नाव दोन मापांत छापावे: एक बोटभर आणि एक हातभर लांब. मोठा कागद भिंतीवर चिकटवून कोल्हापूरच्या महाद्वार रोडसारख्या रस्त्याच्या रुंदीएवढे मागे जावे आणि नाव एका दमात वाचता येते का, ते पाहावे.

शेवटी कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ‘कंट्रोल क्यू’ दाबून अक्षरांचे कर्व्हज, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृत्या, करावेत. मी एकदा ते विसरलो; फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता आणि ‘मिरची’तील पहिली वेलांटी ‘म’ सोडून ‘र’च्या डोक्यावर जाऊन बसलेली पाटी छापून आली. कर्व्हज केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून त्याआधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी.