पोटाचा घेर आणि तेलाचा डबा: दोन्ही मोजा

आधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता घेर मोजा. पँट घालतो तिथे मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण पँट बहुधा पोटाखाली असते. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही धोक्याची रेषा. वजन बेताचं असूनही ती ओलांडलेली माणसं पुष्कळ.

आता तेल. चौघांच्या घरात माणशी रोज 20 ग्रॅम धरलं, तर महिन्याला साधारण अडीच लिटर पुरतं. नव्या डब्यावर तारीख लिहा आणि फोडणी पळीने नव्हे, 5 मिलीच्या चमच्याने घाला. बाहेरचा वडापाव, फरसाण या हिशेबात येत नाही. गणित चुकतं ते तिथेच.

साखरही तशीच: चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे सुमारे 40 ग्रॅम. प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करा, पंधरवड्याने आणखी अर्धा.

पण विरारहून चर्चगेटला रोज लोकलने जाणाऱ्याला ‘पहाटे पळा’ सांगणं सोपं आहे. तीन तास प्रवासात, स्टेशनबाहेर स्वस्त ते तळलेलंच, फुटपाथवर गाड्या लावलेल्या. इथे एकट्याची जिद्द अपुरी पडते. म्हणून ऑफिसच्या कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा आणि उसळ लेखी मागा. सोसायटीच्या सभेत चालायची वाट गाड्यांपासून मोकळी करण्याचा ठराव मांडा.