घरबसल्या विमानं ट्रॅक करायचीत? मग आधी अँटेना नीट लावा

विमानं आपली जागा, उंची, वेग सेकंदाला साधारण दोनदा १०९० मेगाहर्ट्झवर ओरडून सांगत असतात, एडीएस-बी म्हणतात त्याला, आणि ते एन्क्रिप्टेड नसतं त्यामुळे कुणालाही ऐकता येतं. लागतं काय तर एक आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप, आणि अँटेना.

लोक महागडं डाँगल घेतात आणि अँटेना खिडकीच्या आत ठेवतात, कृपया असं करू नका! हा सिग्नल सरळ रेषेत येतो, मध्ये भिंत आली की गेला. साधी तांब्याची तार ६.९ सेंटीमीटर कापून गच्चीवर उभी लावली तरी फरक लगेच दिसतो. केबल मात्र आखूड ठेवा, लांब केबलमध्ये सिग्नल मरतो.

मग डंप१०९० टाका, हे सिग्नल वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आधी विमानाचा सहा अक्षरी ओळख-कोड दिसेल, थोड्या वेळाने फ्लाइटचं नाव, मग नकाशावर ठिपका सरकायला लागतो आणि तेच विमान डोक्यावरून आवाज करत जातं, तो क्षण खरंच भारी असतो.

डेटा ओपनस्काय नेटवर्कला द्या, ते अशा रिसीव्हरांचा डेटा गोळा करतं, संशोधनाला उपयोगी पडतो.

आता कायद्याचं. बऱ्याच देशांत नुसतं रिसीव्ह करायला अडचण नाही, पण नियम सगळीकडे सारखे नाहीत, कुठे रिसीव्हरलाच परवाना लागतो, कुठे ऐकलेलं पुढे शेअर करणं गुन्हा ठरतो, म्हणून आपल्या देशाच्या रेडिओ खात्याचा नियम डाँगल घ्यायच्या आधी वाचा. या फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समिट तर चुकूनही करायचं नाही, तिथे लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.