सुटीच्या दिवसासाठी दुसरी मोटारसायकल निवडताना

रोजच्या कामाची गाडी घरी असताना इंदूरकराने सुटीच्या भटकंतीसाठी दुसरी मोटारसायकल घ्यायची ठरवली, तर आपण खरोखर कुठे जाणार आहोत, हे आधी पाहावे. महूवरून जामगेटमार्गे महेश्वरला किंवा सुमारे १०० किलोमीटरवरच्या मांडूला जाणाऱ्याला घाटातली वळणे आणि उतार सांभाळायचे असतात. तिथे कमाल वेगापेक्षा इंजिनाची कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ आणि भरवशाचे ब्रेक अधिक मोलाचे ठरतात. १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे असले, तरी ते दोन्ही चाकांना आहे ना, हे विचारून घ्यावे.

वजनाकडे मात्र सर्वांत बारकाईने पाहावे. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०चे वजन सुमारे १९५ किलो आहे, आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर ते जाणवत नाही. म्हणून इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून, गाडी पायांनी थोड्या चढावर मागे ढकलून पाहावी. टाचा अधांतरी राहून गाडी हलतच नसेल, तर ती कितीही आवडली असली तरी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग वेगळे, शिवाय बरेच दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरते. तेव्हा सावलीची जागाही आधीच ठरवावी.